एकच रॉड, अनेक पद्धती: गोड्या पाण्यात मासे गरवायला पहिला रॉड कसा निवडावा

पहिला रॉड घ्यायला निघालेले लोक बहुतेक वेळा विचारतात, "अमुक माशासाठी कोणता रॉड घेऊ?" मी आधी उलट विचारतो: दोरीच्या टोकाला काय बांधून फेकणार, आणि किती लांब फेकायचंय? एकाच तळ्यात, एकाच जातीचा मासा कधी तरंग्याखालच्या गांडुळाला लागतो, कधी तळाला ठेवलेल्या आमिषाला, तर कधी पाण्यातून ओढत आणलेल्या स्पिनरला, म्हणजे फिरत्या पात्याच्या नकली आमिषाला. मासा तोच, पण तिन्ही वेळेला रॉडवर पडणारं काम वेगळं. म्हणून सगळीकडे चालेल असा एकच रॉड हवा असेल तर माशांची यादी बाजूला ठेवा आणि फेकायच्या वजनांची यादी करा. निवड तिथूनच सोपी होते.

एकच रॉड घ्यावा असं मला मनापासून वाटतं, त्याला खर्चाखेरीज दुसरंही कारण आहे. नवशिक्याचा हात एका काठीला सरावला की टोकाची थरथर त्याला कळायला लागते; वाऱ्याने हललं, तळाच्या दगडाला घासलं की मासा चाचपतोय, यातला फरक बोटांना ओळखू येतो. दर वेळी काठी बदलली तर हे शिक्षण लांबतं. शिवाय काही ठिकाणच्या परवान्यात एका माणसाने एका वेळी किती रॉड वापरायचे याला मर्यादा असते, तेव्हा हातातला एक रॉड चहूकडे चालणारा असला तर दिवस वाया जात नाही.

पहिली पायरी: काय काय फेकणार ते लिहून काढा

गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या पद्धती तीन. तरंगा लावून गरवताना तरंगा, शिशाचे मणी आणि आमिष मिळून वजन साधारण ३ ते १५ ग्रॅम होतं. तळाला आमिष टाकायचं तर शिसं १५ ते ४० ग्रॅम लागतं, वाहत्या पाण्यात त्याहून जास्त. स्पिनर, स्पून, रबरी मासोळी अशी लुअर, म्हणजे नकली आमिषं, ओढायची असतील तर ती बहुधा ५ ते २५ ग्रॅमची असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फेकीचं वजन म्हणजे दोरीला बांधलेल्या सगळ्या गोष्टींची बेरीज. २० ग्रॅमचा जाळीदार फीडर (मासे जमवायला तळाला टाकायची चाऱ्याची डबी) ओल्या चाऱ्याने भरला की सहज ४० ग्रॅमच्या वर जातो. पाकिटावरचा २० हा आकडा पाहून जोर लावलेली फेक हलक्या रॉडला जड जाते, आणि रॉड तुटायचं हे एक नेहमीचं कारण आहे. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असेल तर तरंगा-शिसं-आमिष, भरलेला फीडर, आवडतं लुअर असं एकेक ठेवून वजन लिहून घ्या.

आता यादीतलं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड वजन बाजूला काढा आणि उरलेल्या मधल्या भागाकडे बघा. बहुतेकांचं निम्म्याहून जास्त काम १० ते ३० ग्रॅमच्या आत बसतं.

दुसरी पायरी: रॉडवर छापलेलं वाचा

मुठीच्या वर, रॉडच्या अंगावर बारीक अक्षरांत लांबी, फेकीचं वजन, दोरीची ताकद आणि कधी पॉवर व अ‍ॅक्शन छापलेली असते. फेकीचं वजन ग्रॅममध्ये असतं किंवा औंसात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. त्यामुळे पाव ते एक औंस असं छापलं असेल तर तो रॉड साधारण ७ ते २८ ग्रॅमचा झाला.

छापलेल्या पल्ल्याच्या दोन्ही टोकांना रॉड कुरकुरतोच. १० ते ३० ग्रॅमचा रॉड १५ ते २५ ग्रॅमला खरा खुलतो. १० ग्रॅमला तो पुरेसा वाकत नाही, त्यामुळे फेक जवळ पडते. ३० ग्रॅमला तो इतका वाकतो की हिसका न देता संथपणे फेकावं लागतं. म्हणून तुमचं रोजचं वजन पल्ल्याच्या मध्यापासून थोडं वर बसेल असा रॉड बघा. ५ ते ६० ग्रॅम असा भलताच रुंद पल्ला छापलेला दिसला तर मी तो रॉड खाली ठेवतो. एवढ्या सगळ्या वजनांना सारखा न्याय देणारी काठी बनत नाही.

काही रॉडवर, विशेषतः कार्प माशासाठीच्या, टेस्ट कर्व्ह असा शब्द आणि पौंडातला आकडा दिसतो. रॉडचं टोक मुठीशी काटकोन करेपर्यंत वाकवायला जेवढा भार लागतो तो हा आकडा. जुना ठोकताळा असा की दर पौंडामागे एक औंस फेकीचं वजन धरावं, आणि टेस्ट कर्व्हला पाचाने गुणलं की योग्य दोरीची ताकद पौंडात मिळते. म्हणजे २ पौंडांच्या रॉडला सुमारे ५६ ग्रॅम वजन आणि १० पौंडांची दोरी. हा नियम आताच्या रॉडना तंतोतंत लागू पडत नाही, तरी दोन रॉड शेजारी ठेवून तुलना करायला तो पुरतो.

दोरीच्या आकड्याचं महत्त्व दुहेरी आहे. छापलेल्यापेक्षा बारीक दोरी लावली तर हिसका दिला की दोरी तुटते. फार जाड लावली तर दोरी तुटण्याऐवजी रॉड मोडू शकतो, कारण सगळ्यात कमजोर जागा आता रॉड झालेला असतो. ८ ते १२ पौंड, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेपाच किलो, हा पल्ला पहिल्या रॉडला सोयीचा.

तिसरी पायरी: लांबी

यावर थोडं थांबावं लागेल, कारण तडजोड करायची जागा हीच आहे.

तरंग्याला लांब रॉड आवडतो. टोक उंच राहिलं की दोरीचा बराच भाग पाण्यावरून उचलता येतो, वारा आणि प्रवाह तिला ओढून तरंगा भलतीकडे नेत नाहीत, आणि तरंगा बुडाला की एका हालचालीत ढिली दोरी गोळा होते. तळाच्या मासेमारीला लांबी दूरच्या फेकीसाठी लागते. लुअरला मात्र आखूड रॉड बरा, कारण तो दिवसभर हातात धरून सतत हलवायचा असतो. होडीत बसून किंवा झाडांच्या फांद्यांखालून फेकायचं असेल तर आणखी आखूड.

ढोबळमानाने लुअरसाठी साडेसहा ते साडेसात फूट, तळाला टाकायला ९ ते १२ फूट, तरंग्याला ११ ते १३ फूट अशा लांब्या वापरात आहेत. मधली लांबी निघते ८ ते ९ फूट, आणि काठावर उभं राहून गरवणाऱ्या नवशिक्याला मी तीच सुचवतो. तुमचा बराच वेळ लुअर ओढण्यात किंवा होडीत जाणार हे नक्की असेल तर ७ फुटांवर या. रुंद नदीच्या मोकळ्या काठावर तरंगा आणि तळ या दोनच पद्धती करणार असाल तर १० फूट घ्यायला हरकत नाही.

आखूड रॉडने खोल पाण्यात तरंगा कसा लावायचा, ही अडचण पुढे येतेच. तरंगा दोरीवर पक्का बसवला आणि खाली ९ फूट दोरी सोडली, तर ८ फुटी रॉडने ती फेकताच येणार नाही. यावर सोपा उपाय आहे. तरंगा सरकता ठेवायचा. हव्या त्या खोलीवर दोरीला जाड धाग्याची छोटी गाठ मारा, तिच्याखाली बारीक भोकाचा मणी घाला, मग तरंगा, मग शिसं. फेकताना तरंगा शिशापाशी असतो. पाण्यात पडल्यावर शिसं खाली जातं, दोरी तरंग्यातून सरकत राहते आणि गाठ मण्याला अडली की तरंगा उभा राहतो. धाग्याची गाठ रॉडवरच्या दोरी ओवायच्या रिंगांतून आणि रीलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकावरही, बिनतक्रार जाते. गाठीची शेपटं एकेक सेंटिमीटर ठेवा, फार आखूड कापली तर ती रिंगेत अडकतात.

चौथी पायरी: वाक

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. या दोन गोष्टींत नवे लोक गल्लत करतात, आणि विक्रेतेही कधी कधी करतात. फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड फक्त टोकाकडे वाकतो, मॉडरेट निम्म्यापर्यंत, स्लो थेट मुठीपर्यंत.

टोकाकडे वाकणारा रॉड ताठ असल्याने गळ लवकर रुततो आणि एका गळाच्या रबरी आमिषाला तो उत्तम. पण तीन काट्यांच्या गळाला लागलेला मासा अशा ताठ रॉडवर धडपडला की तोंडातून गळ निसटण्याची शक्यता वाढते, आणि मऊ आमिष फेकीच्या हिसक्यात गळावरून उडून जातं. मध्यापर्यंत वाकणारा रॉड या दोन्हीला सांभाळून घेतो. माशाने अचानक मुसंडी मारली तरी बारीक दोरी तुटत नाही. सर्व पद्धतींसाठी एकच घ्यायचा तर पॉवर मीडियम किंवा मीडियम-लाइट आणि अ‍ॅक्शन मॉडरेट-फास्ट. मीडियम या शब्दाला कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही, एकीचा मीडियम दुसरीच्या मीडियम-हेवीच्या जवळ जातो. म्हणून शंका आली की पुन्हा ग्रॅमच्या आकड्याकडे वळा.

पाचवी पायरी: काय बनावटीचा

काचतंतूचा रॉड जड पण चिवट असतो, आपटला-धडपडला तरी टिकतो. कार्बनचा हलका, संवेदनशील, आणि बाजूने मार बसला तर नाजूक. दोन्हींच्या मिश्रणाचे रॉड या दोघांच्या मधले, आणि पहिल्या रॉडसाठी ते समंजस निवड आहेत. निव्वळ कार्बनचा घ्यायचा असेल तर अगदी ताठ, सर्वांत हलका प्रकार टाळा. जितका ताठ कार्बन तितका तो बारीकशा चिरेलाही कमी माफी देतो.

एक सूचना इथेच, कारण ती जिवाशी संबंधित आहे. कार्बनमधून वीज वाहते. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभाही करू नका, फेकणं तर दूरच. ढग गडगडायला लागले की रॉड आडवा खाली ठेवा, काठ सोडा आणि सुरक्षित आडोशाला जा.

दोन तुकड्यांचा रॉड घ्या. सांधा एकच असल्याने वाक एकसंध राहतो आणि गाडीत मावतो. प्रवासासाठी ३-४ तुकड्यांचेही चांगले मिळतात. दुर्बिणीसारखा मिटणारा टेलिस्कोपिक रॉड सोयीचा दिसतो, पण त्याच्या रिंगा कमी आणि विचित्र अंतरावर असतात, सांध्यांत वाळू गेली की तो अडकतो, आणि वाक तुटक येतो. पाठपिशवीत मावणं हीच तुमची पहिली गरज असेल तरच तो घ्या.

सहावी पायरी: दुकानात हातात घेऊन बघा

शक्य असेल तर स्वतःचं किंवा दुकानातलं रील लावूनच बघा. रील नसताना सगळेच रॉड पुढे झुकतात. रील बसवून, दांड्याच्या पुढच्या भागाखाली एक बोट ठेवा. रीलच्या किंचित पुढे तोल साधला तर दिवसभरात मनगट दुखणार नाही.

मग सांधा जोडून रॉड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरा आणि रिंगांमधून टोकाकडे बघा. सगळ्या रिंगा एका रेषेत हव्यात. रिंगा किती असाव्यात याचा अंदाज असा की जितके फूट लांबी, साधारण तितक्या किंवा एखादी जास्त. कमी असतील तर वाकल्यावर दोरी दांड्याला घासते. प्रत्येक रिंगेच्या आत कापसाचा बोळा फिरवा; तंतू अडकले तर आतल्या सिरॅमिकला चीर आहे, आणि ती चीर नवी दोरी पहिल्याच दिवशी खरवडून काढेल. टोकाची रिंग दोनदा तपासा, सगळ्यात जास्त घर्षण तिथे होतं.

रील सीटची, म्हणजे रील बसवायच्या जागेची, चकती घट्ट आवळून रील हलवून बघा. जराही खुळखुळ नको. सांधा जोडल्यावर रॉड हलकेच झटका आणि कान द्या. टक्‌ असा आवाज आला तर सांधा सैल आहे. काही रॉडमध्ये एका तुकड्याची भरीव खुंटी दुसऱ्यात बसते. तिथे जोडल्यावरही थोडी फट दिसते, ती झिजेसाठी मुद्दाम ठेवलेली असते आणि तो दोष नव्हे.

वाक बघायला टोक हाताने धरून वाकवू नका. टोक असं धरलं की सगळा ताण काही इंचांत येतो आणि नवा रॉड तिथेच मोडतो. त्याऐवजी परवानगी विचारून दोरी रिंगांतून ओवा, टोकाला ३०० ग्रॅम पाणी असलेली बाटली बांधा आणि रॉड साधारण ४५ अंशांत धरून ती जमिनीवरून सावकाश उचला. वाक टोकापासून मध्यापर्यंत सलग, कुठेही कोपरा न दिसता यायला हवा. सांध्यापाशी सपाट पट्टा दिसत असेल तर दुसरा रॉड मागा. ही एक चाचणी सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त सांगते.

सातवी पायरी: रील आणि दोरी

पहिल्या रॉडला स्पिनिंग रील लावा, जे दांड्याच्या खाली लटकतं. वर बसणारं बेटकास्टिंग रील जड लुअरला अचूक आहे, पण हलक्या वजनाला दोरीचा गुंता करतं, आणि त्याला लागणारा रॉडही वेगळा. ८ ते ९ फुटी रॉडला ३००० क्रमांकाच्या आसपासचं रील बसतं. ७ फुटीला २५००. हे क्रमांक सगळ्या कंपन्यांत अगदी सारखे नसतात, म्हणून तोल बघूनच ठरवा.

दोरी मोनोची, म्हणजे एकसलग नायलॉनची, ०.२५ मिलिमीटरच्या आसपास. मोनो ताणली जाते, आणि हा ताण नवशिक्याच्या जादा हिसक्याला पोटात घेतो. ब्रेडेड लाईन, म्हणजे विणलेली दोरी, जवळजवळ ताणली जात नाही. तिच्यावर टोकाची जाणीव फार सुरेख मिळते, पण चूकही लगेच भोवते. रीलसोबत दोरी गुंडाळायची जादा चकरी आली असेल तर एकीवर मोनो आणि दुसरीवर बारीक ब्रेडेड भरा. लुअरच्या दिवशी फक्त चकरी बदलायची, की तोच रॉड वेगळा वाटायला लागतो. दोरी चकरीच्या कडेपासून १-२ मिलिमीटर खाली राहील इतकीच भरा.

ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. ४ किलोच्या दोरीला १ किलो ते सव्वा किलो. दोरी रिंगांतून ओवून टोकाला ताणकाटा लावून एकदा मोजून बघा, नंतर हाताला अंदाज येतो. नीट लावलेल्या ड्रॅगवर ४ किलोच्या दोरीने ६-७ किलोचा कार्पही काठाला आणता येतो, कारण पाण्यात माशाचं वजन जवळपास जाणवत नाही, त्याची ओढ जाणवते, आणि ती ड्रॅग सोसतं.

काठावर पद्धत बदलताना

सकाळी वारा पडलेला असताना तरंग्याने सुरुवात करा. दोरीवर तरंगा सरकता असला तर बदल सोपा: तरंगा काढा, त्याच दोरीवर सरकतं शिसं ओवा, मणी, मग छोटी स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि पुढे अर्धा मीटर बारीक दोरी व गळ. हा झाला तळाचा साज. रॉड टेकूवर ठेवा, टोक दोरीशी काटकोनाच्या जवळपास राहील असं वळवा. दोरी आणि रॉड एका रेषेत ठेवले तर मासा चाचपतो तेव्हा टोक हलतच नाही. लुअरसाठी सगळं कापून थेट छोटं क्लिप बांधा. रॉड खाली पाण्याच्या दिशेने धरून ओढलात की टोकाचा वाक लुअरच्या हालचालीवर कमी परिणाम करतो.

माशी लावून गरवण्याच्या फ्लाय फिशिंगला मात्र हा रॉड चालणार नाही. तिथे फेकीचं वजन दोरीतच असतं, आणि त्यासाठीचा रॉड, रील, फेकण्याची रीत सगळंच निराळं. तरीही माशी पाण्यावर नाचवून बघायची असेल तर पारदर्शक पोकळ तरंगा निम्मा पाण्याने भरा, त्याच्यापुढे मीटर-दीड मीटर बारीक दोरी ठेवा आणि टोकाला माशी बांधा. स्पिनिंग रॉडने ती छान लांब जाते. बाकी, ५० ग्रॅमच्या वरचे भरलेले फीडर, दाट पाणवनस्पतींतून ओढून काढायचे मोठे मासे आणि २-३ ग्रॅमची चिमुकली लुअर ही कामंही या रॉडकडून मागू नका.

दुसरा रॉड घ्यायची वेळ कधी येते, हे तुमच्या यादीवरूनच ठरेल. महिन्या-दोन महिन्यांनी ती वजनांची यादी पुन्हा काढा. जे वजन सारखं पल्ल्याच्या बाहेर जातंय, त्याच वजनाचा रॉड घ्या. तळाच्या मासेमारीत मन रमलं तर दोन टोकांचा ११ फुटी रॉड बघण्यासारखा आहे. त्याच्या एका दांड्याला दोन वरचे तुकडे मिळतात, एक तरंग्यासाठीचा साधा आणि दुसरा बारीक क्विव्हर टिपचा, म्हणजे हलकी चाहूलही दाखवणाऱ्या नाजूक टोकाचा.

रॉड घरी आला की गळ न बांधता मोकळ्या मैदानात जा. पाठीमागे आणि समोर कोणी नाही हे बघा, १०, १५, २०, २५ ग्रॅमची नुसती शिशाची वजनं एकेक करून सारख्याच हलक्या जोराने फेका आणि प्रत्येक कुठे पडलं ते बघा. एका वजनाला हात काहीच करत नाही आणि रॉडच ते पुढे नेतो असं जाणवेल. ते वजन एका चिकटपट्टीवर लिहून मुठीच्या वर लावून टाका, आणि पुढे तरंगा, शिसं, लुअर घेताना त्या आकड्याच्या आसपासचंच उचला.